दोष करणाचा, बोल कर्त्याला

घरांत दूध उतूं गेलें, बरणी हातांतून निसटली, किंवा दिव्याचें बटन म्हणून पंख्याचें बटन दाबलें गेलें, कीं पहिला प्रश्न उठतो तो "हें कोणीं केलें?" हा. जिच्या हातून झालें ती बिचारी आधींच ओशाळलेली असते, त्यांत चार वडील माणसें "लक्ष कोठें असतें?" म्हणून तिला आणखी ओशाळवितात. परंतु ती बरणी इतकी गुळगुळीत कोणीं घडविली, आणि एकसारखीं आठ बटनें एका रांगेंत कोणीं बसविलीं, असा प्रश्न कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. वस्तु जणूं ईश्वरनिर्मित आणि चूक तेवढी मनुष्यकृत, असा आपणां सर्वांचा पक्का समज असतो.

हा समज खोटा आहे असें सांगणारें एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि त्याचा अभ्यास करणारीं मुलेंमुली आतां आपल्यासारख्यांच्या घरांतूनहि निघूं लागलीं आहेत. इंग्रजींत त्यास 'डिझाइन' म्हणतात. हा शब्द कानीं पडतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें लुगड्याच्या पदरावरील वेलबुट्टी उभी राहते. पण येथें नक्षीशीं काम थोडें. वस्तु कोण वापरणार, कोणत्या हातानें, कशा उजेडांत, किती घाईंत, ह्याचा आधीं विचार करून मग तिला आकार देणें, असा ह्या शास्त्राचा अर्थ आहे. आम्ही त्यास वस्तुरचना असें म्हणूं.

आपल्या देशांत ह्या विद्येची शाळा निघाली ती स्वातंत्र्यानंतर. भारत सरकारनें चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्यास सल्ला देण्यासाठीं पाचारण केलें. त्यांनीं १९५८ सालीं आपला अहवाल दिला, आणि १९६१ सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. पुढें १९६९ सालीं मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालें. त्याच्या उभारणींत जर्मनींतील उल्म येथें शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी ह्यांचा पुढाकार होता. आमच्या ज्येष्ठ बंधूंची नात मुंबईस हाच विषय शिकते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत ती महिनाभर मोहोळास येऊन राहिली, आणि आमच्या अकरा माणसांच्या घरांतील एकूण एक वस्तूची तिनें झडती घेतली. वहीच्या एका रकान्यांत वस्तूचें नांव, दुसऱ्यांत ती वापरणाराचें वय, आणि तिसऱ्यांत ती वापरतांना हात कोठें अडखळतो तें. तिचीं सर्वच मतें आम्हांस मान्य नाहींत. परंतु तीं वाचकांपुढें ठेवण्याजोगीं खास आहेत.

वहींत पहिलें स्थान तांब्यास मिळालें होतें, ह्याचें घरांतील वडील मंडळींस मोठें समाधान वाटलें. ईम्स दांपत्यानेंहि आपल्या अहवालांत लोट्याची मनापासून प्रशंसा केली आहे. तांब्याचें पोट फुगीर, म्हणून पाणी पुष्कळ मावतें. गळा अरुंद, म्हणून ओल्या हातानेंहि तो घट्ट धरतां येतो. ओठ बाहेर वळलेला, म्हणून धार नेमकी पडते. आंत कोनाकोपरा नाहीं, म्हणून चिंचेनें घासतांना मळ राहत नाहीं. दांडी नाहीं, म्हणून मोडण्यासारखें कांहीं नाहीं. आणि कधीं काळीं चिरला, तरी मोडीचे पैसे येतात. हा आकार कोणा एका कारागिराच्या डोक्यांतून निघालेला नव्हे. तांबटानें ठोकावा, घरांतल्यांनीं वापरून नांवें ठेवावीं, आणि पुढचा तांब्या तांबटानें थोडा सुधारून ठोकावा, असें पिढ्यान्‌पिढ्या चाललें. दोघेहि एकाच गांवांत राहत; तक्रार कानावर जाण्यास फार वेळ लागत नसे. आज वस्तु घडविणारा आणि ती वापरणारी ह्यांच्यामध्यें चार दुकानदार व शेंकडों कोसांचें अंतर असतें, आणि तक्रार वाटेंतच विरून जाते.

एवढें ऐकून मंडळी "जुनें तें सोनें" असें म्हणूं लागतांच मुलीनें वहीचें पुढचें पान उलटलें. त्यावर चूल होती. धुरानें डोळे गेलेल्या, फुंकणी फुंकून खोकला जडलेल्या, ओणवें बसून कंबर धरलेल्या किती पिढ्या ह्या चुलीपुढें झिजल्या! तांब्या सुधारत गेला, मग चूल शतकानुशतकें तशीच कां राहिली? तिनें दिलेलें उत्तर असें: तांब्यानें पुरुषहि पाणी पितात, चुलीपुढें मात्र बायकाच बसतात, आणि चुलीपुढें बसणारीस कोणी विचारीत नाहीं. उत्तर कडू आहे, पण खोडून काढण्यासारखें नाहीं.

चूल गेली, तरी ती रीति गेलेली नाहीं, ह्याचें उदाहरण आमच्याच घरांत घडलें. दोन वर्षांपूर्वीं पुतण्यानें घरबसल्या एक विजेची सपाट कांचेची शेगडी मागविली. हेतु अत्यंत चांगला होता. गॅस उघडा राहण्याचें भय नको, आईच्या पदरास ज्योत लागण्याची धास्ती नको. शेगडी दिसण्यांत मोठी देखणी. एकहि कळ वर आलेली नाहीं, नुसतीं कांचेखालीं इंग्रजी अक्षरें आणि चिन्हें. पण हा आमचा मुलूख ज्वारीचा. येथें भाकरी तव्यावर टाकून वर पाण्याचा हात फिरवितात, आणि शेवटीं आरावर, निदान गॅसच्या ज्योतीवर, ती फुगवितात. ह्या शेगडीस आर नाहीं आणि ज्योतहि नाहीं. पिढीजात खोलगट लोखंडी तवा तिच्यावर नीट टेकत नाहीं. चुंबक चिकटेल अशा धातूचें सपाट बूड तिला लागतें. पितळेचीं व ॲल्युमिनियमचीं पातेलीं ती तापवीत नाहीं. कळीवर बोट ठेवावें, तर पिठानें भरलेला ओला हात ती कधीं ओळखीत नाहीं आणि कधीं भलतेंच ओळखते.

आमच्या वहिनींचें वय सत्याहत्तर. पन्नासांहून अधिक वर्षें त्यांनीं ह्या घरास रांधून वाढलें. पहांटे सर्वांच्या आधीं उठून स्वतःचा चहा करून घेणें हा त्यांचा नेम. शेगडी आल्यावर महिन्याभरांत त्या सून उठेपर्यंत ओट्याशीं नुसत्या बसून राहूं लागल्या. कोणीं विचारलें तर म्हणत, "मला मेलीला आतां कांहीं जमत नाहीं." वय झालें, स्मरण गेलें, असें घरांतील सर्वांनीं मनांत धरून टाकलें. मुलीनें दोन दिवस शेजारीं बसून पाहिलें आणि म्हणाली, "आजी, तुला जमत नाहीं असें नव्हे. ह्या शेगडीला भाकरी जमत नाहीं." दुसऱ्या दिवशीं माळ्यावरील गॅसची शेगडी खालीं आली, आणि वहिनींचा पहांटेचा चहा पूर्ववत् सुरू झाला. कांचेची शेगडी टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें वरण, भात आणि भाजी एवढाच स्वयंपाक आहे तेथें ती उत्तम काम देईल. ती भाकरीच्या घरासाठीं घडलेली नाहीं, इतकेंच.

ज्या वाचकांनीं संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला असेल त्यांस कारकप्रकरण आठवेल. पाणिनीनें कर्त्याचें लक्षण त्याच्या स्वातंत्र्यांत सांगितलें आहे, आणि क्रिया सिद्धीस नेण्यांत जें सर्वांहून अधिक उपकारक तें करण, असें म्हटलें आहे. कुऱ्हाडीनें लांकूड तोडलें, येथें कुऱ्हाड करण. तिचा दांडा हातास बसत नसेल तर ती करण म्हणून उणी. तोडणाऱ्याच्या कर्तेपणास त्यामुळें बाध येत नाहीं. आणि जें करण कर्त्याचें स्वातंत्र्यच हिरावून घेतें, त्यास करण तरी कसें म्हणावें? वस्तूच्या रचनेचा प्रश्न हा सोयीगैरसोयीचाच नव्हे. आपल्याच स्वयंपाकघरांत एक माणूस कर्ता राहतो कीं राहत नाहीं, असा तो प्रश्न आहे.

ही दृष्टि एकदां आली म्हणजे लहानसान वस्तूहि निराळ्या दिसूं लागतात. चार तोंडांच्या गॅसच्या शेगडीवर तोंडें चौकोनांत मांडलेलीं आणि कळा मात्र एका ओळींत. कोणती कळ कोणत्या तोंडाची हें दर वेळीं वांकून पाहावें लागतें. बटनांच्या फळीवर आमच्या बंधूंनीं 'देवघर', 'ओटी', 'पंखा' अशा चिठ्ठ्या चिकटविल्या आहेत. ज्या वस्तूवर घरच्या माणसांना चिठ्ठी चिकटवावी लागते ती वस्तु अर्धवट घडलेली समजावी, असें मुलीचें मत. औषधाच्या गोळ्यांच्या कित्येक पाकिटांवर मुदतीची तारीख एका टोकास, तीहि रुपेरी पत्र्यावर रंगाविना उठविलेली असते. पहिली गोळी त्याच टोकाची काढली, तर बाकीच्या गोळ्यांची मुदत कळण्याचा मार्ग उरत नाहीं. वेष्टित मालासंबंधींच्या २०११ च्या नियमांप्रमाणें किंमत, वजन वगैरे मजकूर देवनागरी हिंदींत किंवा इंग्रजींत असला म्हणजे पुरे. त्यांतून इंग्रजीच बहुधा पत्करली जाते. आणि पोथी घडाघडा वाचणाऱ्या आजीबाई तेलाच्या पिशवीपुढें निरक्षर ठरतात.

घरच्या सिलिंडरावरील खूण तर निव्वळ कोडें आहे. त्याच्या कड्याखालील पट्टीवर आंतल्या बाजूनें ए, बी, सी, डी ह्यांपैकीं एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आंकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, आणि डी म्हणजे आक्टोबर ते डिसेंबर. त्या सालच्या त्या तिमाहींत सिलिंडराची फेरतपासणी व्हावयाची असते. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊं नये. ज्या खुणेवर घराची सुरक्षितता अवलंबून, ती घरांतील किती माणसांस वाचतां येते, हें वाचकांनीं आजच पाहावें.

ह्याच्या उलट उदाहरणेंहि आहेत. ज्या प्रेशर कुकरचें झांकण आंतून बसतें, तें वाफेचा दाब असेपर्यंत निघूंच शकत नाहीं. म्हणजे घाई करणाऱ्या हाताची काळजी तो कुकर स्वतः घेतो. नाण्यांकडे पाहा. पांच पैशांचें चौकोनी, तीन पैशांचें षट्कोनी, दहा पैशांचें नागमोडी कडांचें, हीं नाणीं आमच्या पिढीनें अंधारांतहि खिशांतल्या खिशांत मोजलीं. पुढें दोन रुपयांचें नाणेंहि अकरा बाजूंचें होतें. परंतु २००७ सालच्या हस्तमुद्रांच्या मालिकेंत एक रुपयाचें नाणें २५ मिलिमीटर आणि दोन रुपयांचें २७ मिलिमीटर, दोन्हीं वाटोळीं, दोन्हीं एकाच पोलादाचीं. डोळसांचाहि जेथें घोटाळा होई तेथें अंधांनीं काय करावें? २०११ सालच्या नव्या मालिकेंत रुपया लहान झाला, आणि २०१९ सालीं दृष्टिहीनांची सोय लक्षांत घेऊन जी मालिका जाहीर झाली तींतील वीस रुपयांचें नाणें बारा बाजूंचें आहे. बोटांना जें पूर्वींच कळत होतें, तें पुन्हां आणावयास इतकीं वर्षें लागलीं.

आतां जेथें आमचें तिच्याशीं जमलें नाहीं तें सांगतों. कोणतीहि वस्तु न शिकवितां वापरतां आली पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. हें आम्हांस पटत नाहीं. तंबोरा, बोरू, भाकरीची काठवट, हीं शिकल्यावांचून वश होत नाहींत, आणि होऊंहि नयेत. अभ्यासानें हात तयार होतो, आणि तयार झालेल्या हाताचा माणसास अभिमान वाटतो. सर्व वस्तु इतक्या सोप्या झाल्या कीं हातास शिकण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, तर तें घर आम्हांस तरी ओकेंबोकें वाटेल. परंतु भाकरी थापणें ही विद्या आहे, आणि आठ बटनांतून पंख्याचें शोधणें ही विद्या नव्हे, इतका विवेक तिच्या मतांतून घेण्यासारखा आहे. ज्या श्रमानें अंगांत कांहीं कसब येतें तो श्रम राहूं द्यावा. जो नुसता वायां जातो तो वस्तूनें वांचविला पाहिजे. आणि त्यास खर्च फार येतो असेंहि नाहीं. मुदतीची तारीख पाकिटाच्या प्रत्येक गोळीमागें ठळक छापण्यास सोन्याची शाई लागत नाहीं.

कायदाहि आतां थोडासा पाठीशीं आहे. २०२० च्या जुलैपासून अमलांत आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें, वस्तूच्या रचनेंतील दोषामुळें इजा झाल्यास उत्पादकास जबाबदार धरण्याची तरतूद केली आहे. पण एखादी वृद्ध बाई ओट्याशीं नुसती बसून राहिली, तर ती इजा कोणत्याहि कायद्यांत बसत नाहीं. तिचा बंदोबस्त घरांतच झाला पाहिजे.

म्हणून आमच्या वाचकांस एक साधी सूचना करावीशी वाटते. स्वयंपाकघरांतील, न्हाणीघरांतील किंवा आजाऱ्याच्या खोलींतील वस्तु घेतांना, जी व्यक्ति ती वापरणार तिला दुकानांत बरोबर न्यावें, आणि तिच्या हाताला ती लागूं द्यावी. ओल्या हातानें चालते कीं नाहीं, चष्म्यावांचून वाचतां येते कीं नाहीं, अंधारांत चांचपून कळते कीं नाहीं, बिघडल्यास गांवांत दुरुस्त होते कीं नाहीं, हे चार प्रश्न किंमत विचारण्याच्या आधीं विचारावे. आणि घरांत कोणी "मला आतां जमत नाहीं" असें म्हणूं लागलें, तर त्याच्या वयाकडे बोट दाखविण्यापूर्वीं त्याच्या हातांतील वस्तु एकवार उलटीसुलटी करून पाहावी. आपल्या घरीं ज्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटविलेल्या असतील त्यांची हकीकत वाचकभगिनींनीं अवश्य कळवावी. पुढील एखाद्या अंकीं त्यांतील निवडक आम्ही येथें देऊं.