पुसलेलीं पत्रें

कागदाचें पत्र फाडून चुलींत टाकलें कीं तें गेलें, आणि ट्रंकेंत घालून माळ्यावर ठेवलें कीं तें राहिलें, असा आपला पूर्वापार समज आहे. संगणकांतील टपालास ह्यांतला एकहि नियम लागू पडत नाहीं, हें उमजण्यास मला वयाची पन्नाशी उलटावी लागली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबईंत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें. पुढें कांहीं वर्षांनीं आमच्या अंधेरीच्या घरींहि संगणक आला. त्या काळीं जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होई व वेळेचा हिशेब असे. म्हणून आलेलें टपाल घरच्या यंत्रांत उतरवून घ्यावयाचें, तार मोकळी करावयाची आणि मग सावकाश वाचावयाचें, अशी रीत पडली. 'पॉप' नांवाच्या ह्या पद्धतींत, निराळी सूचना दिली नसेल तर, दूरच्या सर्व्हरवरील प्रत नाहींशी होते आणि पत्र काय तें आपल्या घरींच उरतें.

आमचे थोरले बंधु अण्णा न्यू जर्सीस असत. ते सवडीनें आमच्या कुळाचा वृत्तांत मला लिहून पाठवीत : कोण केव्हां कोंकण सोडून आला, कोणती सून कोणत्या घरची, कोणाची तिथि कोणती. मूळ कागद आमच्याकडे तळमजल्यावरच्या ट्रंकेंत होते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्यांत ते भिजले, शाई विरघळली. तेव्हां 'अण्णांचीं पत्रें संगणकांत आहेत ना,' असें आम्हीं एकमेकांस सांगितलें.

२००९ मध्यें अण्णा गेले. त्यांचा मुलगा त्याच खात्यावरून आम्हांस छायाचित्रें पाठवीत राहिला. २०१३ च्या मे महिन्यांत यंत्रांतील जागा संपली, म्हणून मीं टपालाची यादी पाठविणाराच्या नांवानें लावली आणि छायाचित्रें समजून त्या नांवाखालील सारीं पत्रें एकदम निवडून काढून टाकलीं. वर ट्रॅशहि रिकामा केला. चूक ध्यानांत आली ती दुसऱ्या दिवशीं. तीहि अशी, कीं एवढें करूनहि जागा वाढली नव्हती.

पुतणीस हांक मारली. ती म्हणाली, "काका, आतां कशालाहि हात लावूं नका. आधीं प्रोग्राम बंद करा."

आमच्याकडे थंडरबर्ड होतें. तें एका फोल्डरमधील सर्व पत्रें एकाखालीं एक अशीं एकाच फाइलींत लिहून ठेवतें. पत्र काढून टाकलें म्हणजे त्याची नक्कल ट्रॅशमध्यें जाते आणि मूळ पत्रावर केवळ 'रद्द' अशी खूण होते. हजेरीपटांत शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या नांवावर मास्तर तांबडी रेघ ओढतात, पान फाडीत नाहींत, तसेंच हें. ट्रॅश रिकामा झाला तरी इनबॉक्सांतील रेघ मारलेलीं नांवें तशींच असतात. तीं वगळून नवा पट उतरविणें आणि जुना फेकणें, ह्या क्रियेस 'कॉम्पॅक्ट' म्हणतात. जागा मोकळी होते ती तेव्हां, आणि पत्र जातें तेंहि तेव्हांच.

कॉम्पॅक्ट करूं का, असें यंत्रानें मला अनेकदां विचारलें होतें. परंतु २००७ सालीं एकदां होकार दिला असतां तें अर्धा तास अडून बसलें होतें, त्या रागानें मी पुढें नेहमीं नकारच देत आलों. ह्या माझ्या हट्टानें अण्णांचीं पत्रें वांचलीं. पुतणीनें ती फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरविली, नकलेंतील रद्दाच्या खुणा बदलल्या आणि जुनी सूची काढून टाकली. तेव्हां प्रोग्रामनें नवी सूची आपण होऊन केली.

आतां बहुतेक घरांत 'आयमॅप' पद्धत असते, म्हणजे टपाल सर्व्हरवर आणि फोन व संगणक हे त्याचे आरसे. तेथें नातवानें फोनवर पुसलेलें आजोबांच्या संगणकावरूनहि जातें. जीमेलच्या ट्रॅशमध्यें पत्र तीस दिवस राहतें, मग आपोआप नष्ट होतें. शिवाय डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षें वापराविना पडलेलें खासगी खातें गूगल काढून टाकूं शकतें; दिवंगतांच्या खात्यांचा विचार घरोघर व्हावा तो ह्यासाठीं. आम्ही दर दसऱ्यास प्रोग्राम बंद करून सगळें टपाल वेगळ्या डिस्कवर उतरवितों, कॉम्पॅक्ट त्यानंतर. जोडलेलीं छायाचित्रें टपालांत सुमारें एक-तृतीयांशानें फुगतात, म्हणून तीं निराळीं ठेवितों. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो लोकांनीं घरोघर जुनीं दप्तरें टाकून दिलीं नव्हतीं म्हणूनच; त्या माळ्यांवर कोणी कॉम्पॅक्ट केलें असतें तर!

अण्णांचीं पत्रें परत आलीं खरीं, पण सगळीं नव्हेत. २००७ सालीं, तो एकदांचा होकार देण्यापूर्वीं, फार जड म्हणून मीं चार पत्रें काढून टाकलीं होतीं. आमच्या पणजीचें माहेरचें नांव त्यांतल्या एकांत होतें.