मुलगी कुणाच्या घरची?

गाणे रंगले, की आपल्या बडोद्यातील जुन्या मंडळींच्या तोंडी हटकून एक प्रश्न येतो, "मुलगी कुणाच्या घरची?" प्रश्न बहुधा कौतुकाचाच असतो. परंतु गेल्या वर्षी एका घरगुती बैठकीत तो माझ्या शिष्येला विचारला गेला आणि तिला उत्तर देता आले नाही. तिची पणजी गोव्यातील एका देवळात गाणारी कलावंतीण होती. मागून कोणीतरी तो शब्द हलकेच उच्चारला, दोघेचौघे हसले. त्यानंतर तीन महिने त्या मुलीने तंबोऱ्याला हात लावला नाही. झोप उडाली, अन्न जाईना. घरच्यांनी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, हे योग्यच केले. औषधाने झोप परत आली. लाज मात्र तशीच राहिली, कारण ती आपण तिला दिली होती. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

मी हे त्रयस्थपणे सांगू शकत नाही. माझे वडील दरबारी गवई. मी सात-आठ वर्षांचा असताना एक वृद्ध गायिका आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा यमन ऐकून वडिलांचे डोळे भरून आले. चहा मात्र त्यांना वेगळ्या ठेवलेल्या कपबशीतून दिला गेला. वडिलांनी ते पाहिले आणि ते गप्प राहिले. गेल्या वर्षीच्या बैठकीत मीही गप्पच राहिलो.

केसरबाई केरकर (जन्म 1892) आणि मोगूबाई कुर्डीकर (जन्म 1904) या दोघी याच समाजातल्या. केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, याचा आपल्याला केवढा अभिमान! परंतु आपल्या टाळ्यांनी हा समाज सावरला नाही. मुली देवाला वाहण्याच्या चालीविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला; पण पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात या घरांना उभे केले ते मुख्यतः त्यांच्याच माणसांनी. राजाराम पैंगीणकरांसारखे सुधारक त्यांच्यातूनच पुढे आले. पैंगीणकरांच्या आत्मचरित्राचे नावच 'मी कोण?' असे आहे. विखुरलेली घरे गोमंतक मराठा समाज या नावाखाली एकत्र आली, मुले-मुली शिकू लागली. 1963 साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर याच समाजाचे. मोडलेल्या मनाला नुसता उपदेश पुरत नाही. पाठीशी माणसे लागतात.

माझ्या शिष्येच्या बाबतीत तेच घडले. फोंड्याहून तिची मावशी येऊन पंधरा दिवस राहिली. पणजीने गाण्याच्या कमाईवर चार भावंडांना शिकवले, हे त्या मुलीला तेव्हा प्रथमच कळले. घरात ही गोष्ट झाकून ठेवलेली होती! दुसऱ्याच आठवड्यात तिने तंबोरा जुळवला.

आपल्या जुन्या घरांकडे माझे मागणे मोठे नाही. बैठकीत कोणी असे हसले, तर यजमानाने त्याला तेथल्या तेथे थांबवावे. मुलगी खचली, तर तिच्या घरी जाऊन बसावे. आजाराची कुजबुज करू नये. यंदाच्या गुरुपौर्णिमेला ती माझ्याकडे गाणार आहे आणि आरंभी पणजीचे नाव घेणार आहे. वाचकांनी अवश्य यावे, आणि ते नाव गाण्याइतक्याच आदराने ऐकावे.