उडायला शिकवा, पण "तुटलं तर?" हेही विचारायला शिकवा



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की वर्गातला एखादा तरी मुलगा म्हणतोच, "सर, मी हेलिकॉप्टर बनवणार!" आम्ही अजिंठ्याचे. इथली मुलं लेणी बघायला जातात, तेव्हा लेणे क्रमांक १७ मध्ये आकाशातून येणारे इंद्र आणि अप्सरा पाहतात. उडण्याचं वेड माणसाला फार जुनं आहे. ते मोडू नये, हेच माझं मत आहे. पण त्या वेडासोबत आपण चाचणीची शिस्त शिकवतो का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीची घटना आठवून बघा. आठवीनंतर शाळा सुटलेला, वेल्डिंगचं काम करणारा एक तरुण. यूट्यूबवर बघून त्याने दोन वर्षं खपून हेलिकॉप्टर तयार केलं. स्वातंत्र्यदिनी ते गावाला दाखवायचं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये, त्याच्या काहीच दिवस आधी, जमिनीवरच चाचणी घेताना पातं तुटलं आणि त्याच्या डोक्याला लागलं. तो वाचला नाही. हेलिकॉप्टर उडालंसुद्धा नव्हतं.

म्हणजे धोका फक्त आकाशात नसतो. फिरत्या पात्यावर बाहेरच्या दिशेने ताण येतो. वेग दुप्पट झाला की हा ताण चौपट होतो. वर्गात दोरीला खोडरबर बांधून फिरवायला सांगा. वेग वाढवला की हाताला ओढ किती वाढते, ते मुलांना लगेच कळेल. म्हणून कारखान्यात नवं पातं तपासताना जवळ कोणी उभं राहत नाही, यंत्र लांबून चालवतात.

आता दुसरं उदाहरण. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. एवढा उशीर बघून आपल्याला सरकारी कारभाराचा राग येतो, आणि तो काही अगदीच चुकीचा नाही. पण तपासणीची प्रत्येक पायरी कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी असते, हेही मुलांना सांगायला हवं.

तयारी पूर्ण असली तरी धोका संपत नाही. ६ मार्च २००९ रोजी बंगळुरूजवळ 'सारस' या भारतीय विमानाच्या चाचणीत एक इंजिन मुद्दाम बंद करून हवेतच पुन्हा सुरू करायचं होतं. विमान कोसळलं आणि हवाई दलाचे तीन अनुभवी अधिकारी गेले. याउलट जून २०१८ मध्ये आपल्या निफाड तालुक्यात चाचणीवरचं सुखोई कोसळलं, तरी दोन्ही वैमानिक वाचले. विमान पडलं तर बाहेर कसं पडायचं, याची सोय आधीच केलेली होती.

कोणी म्हणेल, "गुरुजी, खेड्यातल्या गरीब पोराने तज्ज्ञ कुठून आणायचा?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणूनच फुलसावंगीच्या तरुणाला दोष देणं मला पटत नाही. त्याचे व्हिडिओ बघून टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. त्याचा हात धरून त्याला एखाद्या आयटीआयच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राध्यापकाकडे नेणारं कोणीतरी हवं होतं. 'जुगाड' म्हणून कौतुक करून आपण मोकळे होतो, ते थांबायला हवं.

यंदा एवढं करून बघू. प्रदर्शनातल्या प्रत्येक चालत्या उपकरणासोबत मुलांकडून तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घेऊ: तुटलं तर काय होईल? बंद कुठून करायचं? चालू असताना कोण कुठे उभं राहणार? या उत्तरांना गुण देऊ. पालकांनीही घरी "चाललं का?" असं विचारण्याआधी "तपासलंस का?" असं विचारावं.

आपल्या शाळेतला एखादा मुलगा उद्या खरंच विमान बनवेल. ते उडताना बघायला तो स्वतः हजर असला पाहिजे.