मैदानावरची मक्तेदारी

अमेरिकेतील बॉल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाने ‘इंटरनॅशनल लीग’ या दुय्यम श्रेणीच्या स्पर्धेत १९१९ ते १९२५ अशी सलग सात अजिंक्यपदे मिळविली. क्रीडाप्रेमी या पराक्रमाचे गोडवे गातात; त्यामागील अर्थकारण मात्र क्वचितच तपासले जाते.

१९१४ साली संघमालक जॅक डन याने बॉल्टिमोरच्या सेंट मेरीज औद्योगिक शाळेतील बेब रूथ या एकोणीस वर्षांच्या तरुणाला हंगामास ६०० डॉलर वेतनावर घेतले. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी फेडरल लीगच्या संघाने रस्त्यापलीकडेच मैदान उभारले. प्रेक्षक तिकडे वळले आणि जुलैत डनने रूथला बोस्टनच्या संघास विकले. लेफ्टी ग्रोव्ह या पिचरच्या बाबतीत उलट घडले. वरिष्ठ स्पर्धेच्या योग्यतेचा हा खेळाडू १९२० ते १९२४ ओरिओल्समध्येच अडकून पडला. त्यानंतर त्याला १,००,६०० डॉलरना फिलाडेल्फियाला विकण्यात आले. विकायचे की अडकवून ठेवायचे, हे मालकाची सोय ठरवी. करारातील राखीव कलमामुळे मुदत संपली तरी खेळाडूवरील हक्क संघाकडेच राही. त्याला दुसरा मालक निवडण्याची मुभा नव्हती.

फेडरल लीग १९१५ नंतर बंद पडली. तिच्या बॉल्टिमोर संघाने प्रस्थापित लीगांच्या मक्तेदारीविरुद्ध दावा लावला. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. ज्या शहरात माणसाच्या कसबाची लाखाच्या घरात विक्री होत होती, त्याच शहरातून आलेल्या दाव्यावर हा निर्णय व्हावा, यातील विसंगती बोलकी आहे.

वरिष्ठ खेळाडूंनी संघटनेच्या बळावर १९७५ साली लवादाकडून राखीव कलमाची पकड सैल करून घेतली. १९९८ च्या कायद्याने त्यांना मक्तेदारीविरोधी संरक्षणही दिले. दुय्यम श्रेणीचे खेळाडू मात्र त्यातून वगळले गेले. ते २०२२ साली संघटित झाले आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारात दुय्यम स्पर्धांच्या सर्वोच्च श्रेणीतील किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर गेले.

न्यायालय आणि विधिमंडळ यांनी जे शंभर वर्षे दिले नाही, ते संघटनेने एका वर्षात मिळविले. टाळ्यांनी कोणाचे पोट भरत नाही. श्रमाचे मोल संघटित श्रमिकालाच वसूल करावे लागते, मग तो गिरणीत राबणारा असो वा मैदानावर.