वर्गीकरणात ‘स्कोप’ नाही?

बी.एस्सी. संपवून वनस्पतिशास्त्रात पुढे काय करावे, हे सांगण्यासाठी भोपाळमध्ये या आठवड्यात एक मार्गदर्शन शिबिर झाले. तिथे मुलांना सल्ला मिळाला : वर्गीकरणशास्त्रात स्कोप नाही, जनुकशास्त्र घ्या. वर्गीकरणाशिवाय जनुकशास्त्र अडते, हे माझे मत या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. पण असा सल्ला मिळत राहील, तोवर मी ते मांडत राहणार.

जनुकशास्त्राशी माझे भांडण नाही. भोपाळच्या आयसर या विज्ञानसंस्थेने कोरफड, हळद, गुळवेल, वड आणि पिंपळ यांचे जनुकसंच वाचून काढले, याचा या शहराला अभिमानच वाटायला हवा. पण शेजारी कोल्हापूर ठेवून पाहा. शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीचे कडे पालथे घालून कंदीलपुष्पाच्या नव्या जाती शोधल्या, दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या उद्यानात वाढवल्या. विशाळगडावर सापडलेल्या नव्या जातीला शिवरायांचे नाव मिळाले. कंदीलपुष्प पावसाळ्यात फुलते आणि एरवी कंदाच्या रूपाने जमिनीखाली दडून राहते. त्या मोजक्या आठवड्यांत कडा चढून जाणारा जाणकार नसेल, तर प्रयोगशाळेत वाचायला पानच येणार नाही.

दोन्ही कामे एकमेकांवाचून अडतात, हे गुळवेलीने दाखवलेच आहे. करोनाकाळात गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा होते, असा वाद उठला, तेव्हा पहिला प्रश्न होता : रुग्णांनी घेतली ती वेल नेमकी कोणती? टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखीच दिसणारी वेल घातक ठरू शकते, असे आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये बजावले. वेल ओळखण्यातच चूक झाली, तर पुढचे सगळे संशोधन भलत्याच वनस्पतीचे होते.

वनस्पती ओळखायला शिकण्यासाठी फार दूर जायला नको : वृक्षनेच्यांचे पचमढी भोपाळपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. जनुकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने एक पावसाळा तिथे घालवावा, नमुने स्वतः गोळा करून दाबावेत, नोंदवावेत, असा नियम इथल्या संस्थांनी करायला हवा.

प्रवेश अर्ज भरणाऱ्या मुलांनो, विभाग निवडण्याआधी दोन गोष्टी विचारा : तुमचे हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, वापरात आहे का? पावसात जंगलात नेणारे शिक्षक आहेत का? दोन्हीची उत्तरे ‘हो’ असतील, तर तिथे जनुकशास्त्रही बेलाशक शिका.