किलोला किती रुपये?

दादर स्टेशनवर पूर्वी वजनाचं एक मोठं यंत्र असायचं. लाल-पिवळे दिवे लुकलुकायचे, आतलं चक्र फिरायचं आणि नाणं टाकलं की खट्‌कन पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही बहिणी आधी भविष्य वाचायचो. वजनाचा आकडा घरी पोहोचेपर्यंत कुणाच्या लक्षातही राहायचा नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीत गेल्या पावसाळ्यात झालेली एक स्पर्धा. मंडळाच्या हॉलमध्ये 'वजन घटवा, रोख बक्षीस मिळवा' असा बोर्ड लागला. मैत्रिणींनो, तुमच्याही गावात असा बोर्ड लागलेला तुम्ही पाहिला असेल, कारण ही मंडळी आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहेत. प्रवेश फी पाचशे रुपये, मुदत बारा आठवडे, दर रविवारी सकाळी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं. सर्वांत जास्त किलो उतरवणारीला पाच हजार, दुसरीला तीन, तिसरीला दोन. चाळीस जणींनी नावं दिली. म्हणजे जमा झाले वीस हजार आणि बक्षिसात वाटले दहा. बक्षीस कोण देत होतं, ते सांगायला गणिताचा मास्तर नको! शिवाय जेवणाऐवजी दुधात घालून घ्यायची पावडर होतीच. ती 'सक्तीची नाही' असं सांगायचे, पण न घेणारीकडे रविवारी ज्या नजरेने बघायचे, ती सक्तीच होती.

आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींचा दुसरा नंबर आला. या बाई पंधरा जणांचे डबे करतात. पहाटे साडेचारला उठून साठ पोळ्या लाटायच्या, दोन भाज्या, आमटी, भात. आणि स्वतः मात्र सकाळी पावडर, दुपारी काकडी, रात्री पुन्हा पावडर. शेवटच्या शनिवारी तर त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही, कारण पाण्याचंही वजन काट्यावर येतं, असं कुणीतरी कानात सांगितलं होतं. सहा किलो उतरले. त्याच रविवारी दुपारी करी रोडच्या पुलाच्या पायऱ्यांवर त्या चक्कर येऊन बसल्या. मी आणि त्यांचा मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. हिमोग्लोबिन निघालं साडेआठ. तीन महिन्यांत पावडरीचे डबे आणि फी धरून सात हजारांच्या वर गेले होते, हातात आले तीन. आणि दिवाळीपर्यंत सहापैकी चार किलो परत आले, तेही फराळाच्या आधीच.

मी रागावले. तर म्हणाल्या, "ताई, तुमचं सगळं खरं. पण शाळेत लिंबू-चमच्यात मिळालं होतं, त्यानंतर मला कुणी कसलं बक्षीस दिलंय का हो? टाळ्या वाजवल्या चाळीस जणींनी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

एक मात्र खरं, पैशाने वजन उतरतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना वजन घटवण्यासाठी पैशाचं आमिष दाखवलं, काहींना नाही. सोळा आठवड्यांत आमिषवाल्यांचं वजन कितीतरी जास्त उतरलं. पण सात महिन्यांनी पुन्हा बघितलं, तेव्हा त्यातलं बरंचसं परत आलं होतं. आमच्या वहिनींना तो निबंध वाचायची गरज नव्हती. दुबईच्या नगरपालिकेने तर २०१३ च्या रमझानमध्ये किलोमागे एक ग्रॅम सोनं जाहीर केलं होतं. आपल्याकडे २०२२ च्या एप्रिलमध्ये बंगळुरूच्या झिरोदा या कंपनीच्या प्रमुखांनी उंची-वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, पंचवीसच्या आत असेल त्याला अर्ध्या महिन्याचा पगार बोनस देऊ केला. त्यावर टीकाही पुष्कळ झाली.

त्याच वर्षी आपल्या नितीन गडकरींनी उज्जैनच्या जाहीर सभेत तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना सांगितलं, की वजन उतरवा, किलोमागे हजार कोटींची कामं देतो. खासदारांनी मनावर घेतलं आणि ऑक्टोबरपर्यंत बत्तीस किलो उतरवल्याचं सांगितलं. लोक हसले, कौतुक झालं, फोटो छापून आले. मला त्यात वावगं वाटलं नाही. गडकरींनी स्वतःचंही वजन पुष्कळ उतरवलंय, त्यांच्या बोलण्यात कळकळ असणार. पण मनात एक प्रश्न आला. एखाद्या महिला खासदाराला भर सभेत कुणी असं म्हणालं असतं, तर हसणं कसलं झालं असतं?

कारण बाईच्या वजनाचा व्यवहार उलटा असतो. पुरुषाने किलो उतरवले तर वर काहीतरी मिळतं; बाईने नाही उतरवले तर हातातलं जातं. याचा पुरावा आमच्या मुंबईतच आहे. गिरगाव चौपाटीवरून समुद्राच्या वळणावर पाहिलं की नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींमध्ये एअर इंडियाची इमारत दिसते. २०१३ पर्यंत कंपनीचं मुख्यालय तिथे होतं. याच कंपनीत एके काळी हवाई सुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी संपायची. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. (नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कोर्टाला गैर वाटली नाही!) पोटाचा नियम गेला, वजनाचा राहिला. वय आणि उंचीप्रमाणे ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलेल्या हवाई सुंदरींना विमानातून उतरवलं गेलं, त्या कोर्टात गेल्या, आणि २००८ च्या जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. २००९ च्या सुरुवातीला काही जणींना कामावरूनच काढलं. वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या, बाळंतपणं झालेल्या, रजोनिवृत्तीकडे आलेल्या बायका होत्या त्यात.

पुढे २०१४ मध्ये सरकारी विमान वाहतूक खात्याचे जे निकष छापून आले, त्यात पुरुष कर्मचाऱ्याचा बीएमआय पंचवीसपर्यंत चालेल आणि बाईचा बावीसपर्यंतच, असं होतं. विमानात आग लागली तर दार उघडायला पंचवीसवाला पुरुष चालतो, तेवीसवाली बाई चालत नाही, असं का? ही तब्येतीची काळजी म्हणायची की दिसण्याची?

एक गैरसमज नको. वजन वाढू देऊ नये, हे मलाही मान्य आहे. साखर, रक्तदाब, गुडघे, हे सगळं आमच्या चाळीत घरोघरी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाचातल्या एका बाईचं वजन जास्त निघालं, थोडं अधिकच. पण त्याच पाहणीत पाचातल्या एकीचं वजन कमीही निघालं आणि निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त वाढवलं म्हणून बक्षीस दिलेलं कुणी ऐकलंय? ते काट्यावर दिसत नाही, फोटोत दिसत नाही, 'आधी' आणि 'नंतर' असं बोर्डावर लावता येत नाही.

याच लालबाग-परळमध्ये गिरण्या चालू होत्या, तेव्हा हजारो बायका खानावळी चालवायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी. सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे बाईला पैसा मिळाला तो तिच्या हातच्या भाकरीच्या भरवशावर. आज तशीच डबे करणारी बाई स्वतः न जेवल्याबद्दल पैसे घेते, हे मला गिळता येत नाही. माझी सासू म्हणायची, 'खात्यापित्या घरची दिसते.' ते कौतुक होतं. आता कौतुक एकच, 'बारीक झालीस गं!' आणि ते आजारपणातून उठलेल्या बाईलाही ऐकवतात.

हॉलच्या कमिटीवर मीही आहे. त्या लोकांचा नव्या स्पर्धेसाठी अर्ज आला आहे. मी म्हटलंय, आधी प्रत्येकीचं रक्त तपासा, सगळ्यांसमोर काटा नको, पावडर हॉलमध्ये विकायची नाही, आणि किलोवर बक्षीस न देता बारा आठवडे रोज सकाळी पाऊण तास चालायला येईल तिला द्या. मग घरच्या पुरुषांना तेवढा वेळ गॅसपाशी उभं राहावं लागेल, ते वेगळं. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, असं केलं तर ते लोक हॉल घेणार नाहीत, भाडं बुडेल." रविवारी बैठक आहे. आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी यंदा पहिल्या नंबरासाठी पाचशे रुपये आधीच बाजूला काढून ठेवलेत, असं त्यांचा मुलगा काल जिन्यात सांगत होता.