बक्षीस पुठ्ठ्याच्या शेताला, दुबार पेरणी आपल्याला



हवामान बदलले आहे हे कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी फळ्यावर लिहून सांगायची गरज नाही. मृगात एक सर येते, सरकी टोकली जाते, मग वीस-वीस दिवस आभाळ कोरडे. आणि बोंड फुटायला लागले, ज्वारीत दाणा भरला की तीन दिवसांत सगळी कसर निघते. कापूस भिजतो, ज्वारी काळी पडते. या संकटावर गावपातळीवरचे उपाय शोधण्याच्या स्पर्धा आता शाळा-कॉलेजांत भरतात. चांगलेच आहे. पोरे डोके चालवतात, मास्तर पदरमोड करतात. आमची तक्रार पोरांबद्दल नाही, परीक्षकांबद्दल आहे.

कोणत्याही तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जा. पुठ्ठ्याचे शेत, हिरवा रंगवलेला भुसा, कुंडीतल्या मातीत खोचलेला सेन्सर. माती सुकली की दिवा लागतो आणि मोटार आपोआप चालू होते. पहिले बक्षीस! ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला हे यंत्र उपयोगीच आहे. पण महाराष्ट्रातली बहुतेक कपाशी आभाळाच्या भरवशावर उभी असते. दिवा लागल्यावर आमच्या शेतकऱ्याने कोणते बटण दाबायचे? माती सुकली हे त्याला दिव्याआधी कळलेले असते.

स्पर्धा बऱ्या रीतीने घेता येते, हे याच देशात दिसलेले आहे. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ साली सुरू झाली तेव्हापासून तिचा आग्रह असा की प्रश्न मुलाच्या आसपासचा हवा आणि मोजमाप त्याने स्वतः केलेले हवे. २०१४ आणि २०१५ साठी तिचा विषयच हवामान समजून घेण्याचा होता. तामिळनाडूतल्या तिरुवन्नामलैची शाळकरी मुलगी विनिशा उमाशंकर हिने आपल्या गल्लीत इस्त्रीवाला रोज किती कोळसा जाळतो ते पाहिले, सौरऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी आखली, आणि २०२१ साली ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत जाऊन बोलली. तिने परग्रहावरचा प्रश्न घेतला नाही, दारातला घेतला.

आपल्या दारातला प्रश्न कोणता? दुबार पेरणी. कृषी खाते दरवर्षी सांगते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला बरोबर आहे. पण आमच्या गावात किती मिलिमीटर झाला हे सांगणार कोण? स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळाला एक, आणि मंडळात गावे कितीतरी. नाल्याच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे धुरळा, हे आपण दरसाल पाहतो. शेतकरी मग अंदाजाने पेरतो, आणि अंदाज चुकला की बियाण्याची दुसरी पिशवी उधारीवर आणतो.

इथे पोरांचे काम आहे. सरळ बाजूंचा, उंच, सपाट बुडाचा डबा झाडाझुडपांपासून दूर मोकळ्या जागी बसवायचा. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टीने पाणी मोजायचे, वहीत लिहायचे, डबा रिकामा करायचा. डब्याचे तोंड लहान असो की मोठे, आत जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. अडचण एकच: विदर्भात शाळा उघडतात जूनच्या अखेरीस, तोवर निम्मी पेरणी आटोपते. म्हणून डबा शाळेत नको, विद्यार्थ्याच्या अंगणात हवा, आणि आकडा त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.

याच वहीचा दुसरा उपयोग आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात. केंद्रावर ४० पडला आणि तुमच्या शिवारात ९०, तर कागदावर तुमचे नुकसान झालेलेच नसते! पोरांची वही सरकारी पुरावा ठरत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण दहा गावांच्या दहा वह्या, रोजच्या तारखेनिशी, तहसीलदाराच्या टेबलावर ठेवल्या तर पंचनाम्याची मागणी नुसती आरडाओरड राहत नाही. ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवण्याची योजना केंद्राने २०२३ साली जाहीर केली. ते प्रत्येक गावात लागेपर्यंत भांडण चालूच ठेवायचे आहे. पोरांच्या डब्याने सरकारची जबाबदारी संपत नाही.

मोठ्या मुलांना याहून कठीण काम देता येईल. इंचभर पाऊस म्हणजे एकरी सुमारे एक लाख लिटर पाणी. त्यातले किती मुरले, किती माती घेऊन नाल्याला गेले? एकाच वावरात एक पट्टा उताराने पेरा, एक उताराला आडवा. पावसानंतर तिसऱ्या दिवशी दोन्हीकडे खणून ओल किती खोल गेली ते मोजा. उघाडीत पुन्हा मोजा. कृषी पदवीच्या वर्गात आम्ही हे चार व्याख्यानांत शिकलो; वावरात ते एका हंगामात कळते, आणि बापालाही दिसते.

मात्र यासाठी स्पर्धेचे परिपत्रक दिवाळीच्या तोंडावर येऊन चालणार नाही. ते उन्हाळी सुट्टीपूर्वी यावे, प्रयोगाला खरिपाचा पूर्ण हंगाम मिळावा, आणि परीक्षकांत निदान दोन कोरडवाहू शेतकरी असावेत, त्यातली एक बाई, कारण निंदण-वेचणीत दिवस तिचे जातात. मॉडेलच्या रंगाला गुण नकोत, वहीतल्या नोंदींना द्या. हे निवेदन जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना देण्याचा ठराव येत्या बैठकीत मांडला जाईल. प्रत्येक शाखेने येताना आपल्या गावातल्या एका शिक्षकाचे नाव आणि प्रयोगाला पाच गुंठे द्यायला तयार असलेल्या एका शेतकऱ्याचे नाव लिहून आणावे.